रीफ टाकीत अचानक न्यूडिब्रँक दिसल्यास: ओळख, तपासणी आणि उपाय

खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ ठेवू लागल्यावर, आपण विकत न आणलेला एखादा जीव काचेवर, खडकावर किंवा प्रवाळाच्या बुडाशी कधी ना कधी दिसतोच. तो मऊ असेल, अंगावर शंख नसेल आणि डोक्यावर दोन शिंगे स्पष्ट दिसत असतील, तर ती न्यूडिब्रँक असण्याची बरीच शक्यता असते. न्यूडिब्रँक ही प्रौढावस्थेत शंख नसलेली समुद्री गोगलगाय आहे. तिच्या सुमारे तीन हजार जाती ज्ञात आहेत आणि त्यांतील अनेक इतक्या देखण्या असतात, की नवशिक्या छंदिष्टाला ती फुकटात मिळालेली भेट वाटते. काही जण याच्या अगदी उलट वागतात आणि दिसताक्षणी तिला चिमट्याने चिरडून टाकतात. या दोन्ही प्रतिक्रिया घाईच्या आहेत, कारण पुढे काय करायचे हे ती काय खाते यावर अवलंबून असते आणि ते समजण्याआधी केलेली कोणतीही कृती आंधळी ठरते.

सर्व न्यूडिब्रँक मांसाहारी असतात, ही एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की लक्षात ठेवावी. शेवाळ खाऊन टाकी स्वच्छ ठेवणारी न्यूडिब्रँक अस्तित्वातच नाही. शिवाय बहुतेक जाती खाण्याच्या बाबतीत कमालीच्या हट्टी असतात: कुणी एका विशिष्ट गटातलेच स्पंज खाते, कुणी एकाच प्रकारचे समुद्रफूल, तर कुणी प्रवाळाचा एकच वंश. त्यामुळे न बोलावता आलेली न्यूडिब्रँक टाकीत धडधाकट राहून वाढत असेल, तर तिचे खाणे टाकीत आहे हे उघड आहे, आणि बहुतेक वेळा ते खाणे म्हणजे आपण पैसे मोजून आणलेले प्रवाळ असते. तसे नसेल तर ती काही दिवसांत किंवा आठवड्यांत उपासमारीने मरते. निरुपद्रवीही आहे आणि दीर्घकाळ जगतेही आहे, असा योग फारच क्वचित जुळतो.

पहिली पायरी: जागेवरून हलवण्याआधी नोंद करावी

जीव दिसल्यावर सर्वप्रथम तो जिथे आहे तिथेच त्याचा फोटो घ्यावा. तो नेमका कशावर बसला होता, दिवस होता की रात्र, आसपासच्या प्रवाळाचे पॉलिप (वसाहत बनवणारे, स्पर्शिका असलेले छोटे जीव) उघडे होते की मिटलेले, हे लिहून ठेवावे. ओळख पटवताना रंगापेक्षा या नोंदीचा उपयोग अधिक होतो. रंग फसवा असतो, कारण प्रवाळ खाणाऱ्या कित्येक जाती भक्ष्याचाच रंग उचलतात.

यातील बरेच जीव रात्री हिंडतात. दिवे बंद झाल्यावर दोन-तीन तासांनी लाल प्रकाशाच्या बॅटरीने टाकी पाहावी. पांढरा झोत टाकल्यास ते आडोशाला सरकतात आणि आपल्याला फक्त खडक दिसत राहतो.

त्यानंतर प्लास्टिकच्या लांब पिपेटने किंवा बास्टरने (फुगा दाबून पाणी ओढणाऱ्या जाड नळीने) तो जीव हलकेच शोषून घ्यावा आणि टाकीचेच पाणी भरलेल्या पांढऱ्या वाडगीत सोडावा. चिमटा वापरू नये, त्याने शरीर फाटते. पाण्याबाहेर काढून फोटो घेण्यातही अर्थ नाही, कारण हवेत त्याचा आकारहीन गोळा होतो आणि ओळखीच्या सगळ्या खुणा मिटतात. वाडगीशेजारी मोजपट्टी ठेवून पाण्यातच वरून आणि बाजूने फोटो काढावेत. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग जवळ असल्यास काम फार सोपे होते.

दुसरी पायरी: ही खरोखर न्यूडिब्रँकच आहे ना?

या टप्प्यावर सर्वाधिक गफलती होतात आणि त्यात अनेक उपयुक्त जीव हकनाक मारले जातात. स्टोमॅटेला ही त्यांपैकी पहिली. ही गोगलगाय अंगावर कानाच्या आकाराचा छोटा, चपटा शंख बाळगते. शरीर शंखापेक्षा मोठे असल्यामुळे वरवर पाहणाऱ्याला शंख दिसतच नाही. ती चपळ असते, शेवाळ खाते आणि संकट वाटल्यास पायाचा मागचा भाग तोडून पळते. ती टाकीत राहू द्यावी.

अंगाला झालरीसारख्या चुण्या असलेली हिरवी एलिशिया क्रिस्पाटा हीदेखील न्यूडिब्रँक नव्हे. ती शेवाळातला रस शोषते आणि त्यातली हरितलवके स्वतःच्या शरीरात साठवून ठेवते. समुद्री ससा हीदेखील एक गोगलगायच; ती मोठी, जाडजूड आणि शेवाळभक्षक असते, आणि डोलाबेलासारख्या जाती छेडल्यावर जांभळा स्राव सोडतात. चपटे कृमी मात्र खरोखर कागदासारखे पातळ असतात, पृष्ठभागाला चिकटून घसरत जातात आणि त्यांच्या पाठीवर उभी बोटे किंवा कल्ले नसतात. ॲक्रोपोरा हा कडक प्रवाळ खाणारा चपटा कृमी तर जवळजवळ पारदर्शक असल्यामुळे तो स्वतः दिसण्याआधी प्रवाळावर उमटलेले गोलसर चाव्यांचे डाग दिसतात.

हे सगळे बाजूला काढल्यावर भिंगाखाली पाठ नीट पाहावी. पाठीवर बोटांसारख्या मऊ उंचवट्यांच्या रांगा असतील तर ती इओलिड गटातील असते. या गटाचे खाणे बहुधा दंशपेशी असलेले प्राणी, म्हणजे समुद्रफुले, हायड्रॉइड आणि प्रवाळ, असते. खाल्लेल्या भक्ष्याच्या न फुटलेल्या दंशपेशी या जाती पाठीवरच्या बोटांच्या टोकांत साठवतात आणि स्वसंरक्षणासाठी वापरतात. पाठीच्या मागच्या टोकाला फुलासारखा कल्ल्यांचा गुच्छ दिसत असेल तर ती डोरिड गटातील असते, आणि टाक्यांत येणाऱ्या डोरिडांपैकी बहुतेक स्पंज खातात. शरीराच्या दोन्ही कडांना फांद्या फुटल्यासारखे कल्ले असतील तर ट्रायटोनियासारख्या गटाचा संशय घ्यावा, कारण त्यातील जाती मऊ प्रवाळांवर जगतात. इतकी विभागणी जमली की निम्मे काम झाले. नेमकी जात ठरवण्यासाठी बहुतेक वेळा अडून बसावे लागत नाही.

तिसरी पायरी: जिथे सापडली तिथे शोध घ्यावा

झोआंथिड, म्हणजे लहान समुद्रफुलांसारखे दिसणारे आणि वसाहतीने वाढणारे जीव ज्यांना सगळे नुसते झोआ म्हणतात, त्यांची वसाहत पाणी आणि प्रकाश ठीक असूनही काही दिवस मिटलेली राहत असेल, तर पहिला संशय झोआ खाणाऱ्या इओलिडांवर घ्यावा. ही गोगलगाय झोआतील रंगद्रव्ये आणि सहजीवी शैवाल स्वतःच्या अंगात सामावून घेते, त्यामुळे तिच्या पाठीवरची बोटे झोआच्या कडेच्या स्पर्शिकांसारखी दिसतात. मिटलेल्या दोन पॉलिपांच्या मधोमध ती दबून बसलेली असते आणि नुसत्या डोळ्यांना तो एक अर्धवट उघडलेला पॉलिपच वाटतो. पिपेटने तिथे पाण्याचा हलका फवारा मारावा. फवारा बसताच पॉलिप आतल्या आत मिटतो, तर गोगलगाय अख्खीच्या अख्खी जागची हलते. मग पॉलिपांच्या देठांवर, प्लगच्या (प्रवाळ चिकटवण्याच्या छोट्या बैठकीच्या) खालच्या बाजूला आणि खाचांत पांढरट नागमोडी किंवा वेटोळी फीत दिसते का ते पाहावे. ती तिची अंडी होत.

मॉन्टीपोरा या कडक प्रवाळाचा मामला अधिक त्रासदायक आहे. मॉन्टीपोरा खाणारी इओलिड पांढरी आणि काही मिलिमीटर लांबीची असते. ती टाक्यांत कित्येक वर्षे धुमाकूळ घालत होती, तरी तिला फेस्टिला सबओडिओसा हे शास्त्रीय नाव २०२० मध्ये मिळाले. दिवसा ती प्रवाळाच्या पत्र्याच्या खालच्या बाजूला दडून राहते. नुकसान बुडापासून किंवा कडेपासून सुरू होते. मांस खाल्ले गेल्यामुळे पांढरा सांगाडा उघडा पडतो आणि त्या सीमेपलीकडे प्रवाळाचा रंग अगदी निरोगी असतो. ब्लीचिंगमध्ये मांस जागेवर असते, फक्त रंग गेलेला असतो. भिंगातून पाहिल्यास हा फरक लगेच कळतो. अंड्यांचे बारीक पांढरे पुंजके नेमके त्याच उघड्या सांगाड्यावर, खालच्या बाजूला, खडबडीत खळग्यांत असतात आणि पांढऱ्यावर पांढरे असल्याने सहज नजरेतून सुटतात.

केशरी रंगाच्या सन कोरलवर फेस्टिला मेलानोब्रॅकिया ही तिची मोठी चुलतबहीण आढळते, आणि खाल्लेल्या प्रवाळाच्या रंगानुसार तिचा रंग बदलतो. पोरायटिस आणि गोनिओपोरा यांनाही त्यांच्या त्यांच्या फेस्टिला आहेत. लेदर कोरल आणि झेनियासारख्या मऊ प्रवाळांवर फायलोडेस्मियम आणि ट्रायटोनिऑप्सिस या वंशांतील जाती येतात. यजमान बदलला तरी पुढे दिलेली कार्यपद्धती तीच राहते.

काळी पाठ आणि त्यावर गुलाबी, पिवळे किंवा निळसर फोड असलेली, कडक चामड्यासारखी गोगलगाय जिवंत खडकाबरोबर (समुद्री जीव वसलेल्या, टाकीत ठेवायच्या खडकाबरोबर) आली असेल, तर ती फिलिडिया किंवा फिलिडिएला असण्याची शक्यता असते. ती स्पंज खाते आणि प्रवाळाला तोंड लावत नाही, पण धोका वेगळ्याच बाजूने असतो. त्रास झाल्यावर ती विषारी स्राव सोडते, आणि बंदिस्त पाण्यात तो माशांचा व कवचधारी प्राण्यांचा जीव घेऊ शकतो, हे फिलिडिया व्हॅरिकोसाच्या बाबतीत १९६३ मध्येच नोंदले गेले आहे. तिला हातांनी किंवा चिमट्याने न डिवचता पाण्यासकट भांड्यात काढून घ्यावे. ती टाकीतच मेली असेल तर मृतदेह काढून टाकावा, सक्रिय कार्बन बसवावा आणि साधारण एक चतुर्थांश पाणी बदलावे. दुकानात शोभेसाठी विकल्या जाणाऱ्या क्रोमोडोरिस किंवा स्पॅनिश डान्सरसारख्या स्पंजभक्षक जाती विकत घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांचे खाणे आपण पुरवू शकत नाही आणि त्या उपाशी मरतात.

एक अपवाद: बर्घिया

फ्लोरिडाकडील बर्घिया स्टेफनी ही इओलिड काचेसारख्या तपकिरी ऐप्टेशिया समुद्रफुलांवर जगते. ही समुद्रफुले टाकीत माजली की लोक ही गोगलगाय मुद्दाम विकत घेतात. ती सुमारे दोन सेंटिमीटर वाढते, अंग फिकट असते आणि डोक्याकडच्या भागावर नारिंगी छटा असते. टाकीत ऐप्टेशिया भरपूर असतील आणि ही गोगलगाय त्यांच्यातच दिसली, तर मारण्याआधी खात्री करावी. खात्रीची पद्धत सोपी आहे. बारीक जाळीच्या पेटीत तिला एका बाजूला ऐप्टेशिया आणि दुसऱ्या बाजूला झोआचा एखादा कमी महत्त्वाचा पॉलिप द्यावा आणि दोन-तीन रात्री पाहावे. काय कुरतडले गेले आहे ते आपोआप समजते. ऐप्टेशिया संपल्यावर बर्घियाही संपते, म्हणून तेव्हा ती ज्याच्या टाकीत ऐप्टेशिया आहेत अशा दुसऱ्या छंदिष्टाला द्यावी.

चौथी पायरी: बाधित प्रवाळ वेगळे काढावे

उपचार टाकीत करता येत नाहीत, हे मान्य करून पुढे जावे. न्यूडिब्रँक आणि तिची अंडी मारेल पण प्रवाळ, कोळंबी व उपयुक्त गोगलगायींना धक्का लावणार नाही, असे टाकीभर टाकण्याजोगे भरवशाचे औषध नाही. चपट्या कृमींवरची औषधे या कामी अंदाजाने टाकू नयेत, आणि तांब्याचे औषध तर रीफ टाकीत कधीच घालू नये, कारण ते सर्वच अपृष्ठवंशीयांना घातक असते.

बाधित वंशाचे सर्व तुकडे, म्हणजे दिसायला निरोगी असलेलेही, एकाच दिवशी बाहेर काढून छोट्या क्वारंटाइन टाकीत न्यावेत. या टाकीला वाळू नको आणि खडक नको. हीटर, एक लहान पंप, पुरेसा प्रकाश आणि मुख्य टाकीशी जुळणारे तापमान व क्षारता एवढे असले की पुरते. तळ मोकळा असल्यामुळे गळून पडलेला जीव लगेच दिसतो.

झोआ हाताळताना सुरक्षिततेला फाटा देऊ नये. काही झोआंथिडांमध्ये, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन हे अतितीव्र विष असते. हातमोजे आणि चष्मा घालावा, हातावर जखम असल्यास काम दुसऱ्यावर सोपवावे. झोआ लागलेला खडक गरम पाण्यात उकळू नये किंवा कोरडा घासू नये, कारण वाफेतून आणि तुषारांतून विषबाधा होऊन माणसे रुग्णालयात दाखल झाल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत आलेली आहेत. या कामाची भांडी स्वयंपाकघरात परत नेऊ नयेत.

पाचवी पायरी: डिप आणि अंडी

तीन भांडी घ्यावीत. पहिल्यात टाकीचे पाणी आणि प्रवाळांसाठी मिळणारे डिप द्रावण (ज्यात प्रवाळ थोडा वेळ बुडवून त्यावरचे जीव झटकतात ते औषध), तर उरलेल्या दोन्हींत फक्त टाकीचे पाणी असावे. मात्रा बाटलीवर लिहिलेलीच घ्यावी. ‘थोडे जास्त टाकू’ हा विचार प्रवाळाच्या जिवावर बेततो. आयोडीनयुक्त द्रावणे मऊ प्रवाळ आणि झोआ सहसा चांगली सोसतात. मॉन्टीपोरासाठी कडक प्रवाळांना चालते असे लेबलवर स्पष्ट लिहिलेले द्रावण निवडावे, आणि शक्य असल्यास एका लहान तुकड्यावर आधी प्रयोग करून दुसऱ्या दिवशी त्याची अवस्था पाहावी.

प्रवाळ द्रावणात असताना बास्टरने त्याच्या खालच्या बाजूला सतत फवारे मारावेत. हे करायचे टाळले तर अर्धे जीव खाचांतच राहतात. पाच-दहा मिनिटांत भांड्याच्या तळाशी पांढरे, वळलेले धाग्याचे तुकडे जमू लागतात. त्यांतील एक भिंगाखाली घेतला की त्याच्या पाठीवरची बोटे दिसतात आणि ओळखीविषयीची उरलीसुरली शंका मिटते. त्यानंतर प्रवाळ दोन्ही स्वच्छ भांड्यांत क्रमाने खळबळून क्वारंटाइन टाकीत ठेवावे. वापरलेले पाणी कोणत्याही टाकीत परत घालू नये.

खरी लढाई इथून सुरू होते, कारण डिप अंड्यांना मारत नाही. अंडी हातानेच काढावी लागतात. मॉन्टीपोराचा उघडा, मृत सांगाडा हाडे कापण्याच्या कात्रीने निरोगी मांसाच्या किंचित आतून कापून टाकावा. झोआचा जुना प्लग फेकून द्यावा आणि वसाहत सुपरग्लू जेलने नव्या प्लगवर बसवावी. जिथे कापणे शक्य नाही तिथे मऊ टूथब्रश किंवा लाकडी टूथपिकने खरवडावे, पण झोआच्या बाबतीत हे काम पाण्याखालीच करावे, म्हणजे तुषार उडत नाहीत. एवढे करूनही काही अंडी राहतातच. ती साधारण आठवडाभरात फुटतात असे धरून, पिल्ले मोठी होऊन पुन्हा अंडी घालण्याआधी त्यांना गाठण्यासाठी दर पाच ते सात दिवसांनी डिप करावे. एकही जीव न सापडता सलग तीन डिप होईपर्यंत थांबू नये. नवशिके दुसऱ्या डिपनंतर समाधान मानतात आणि महिन्याभरात पुन्हा पहिल्या पायरीवर येतात.

दरम्यान मुख्य टाकीत मागे राहिलेले जीव उपासमारीने मरायला हवेत. त्यासाठी त्या टाकीत संबंधित वंशाचा एकही तुकडा, अगदी खडकावर पसरलेली चकतीसुद्धा, उरता कामा नये. ती काढता येत नसेल तर इपॉक्सी पुटीने पूर्ण झाकावी. सहा ते आठ आठवडे टाकी अशी रिकामी ठेवणे शहाणपणाचे आहे.

मासे मदत करतात, पण मर्यादेत. हॅलिकोरस क्रायसस हा पिवळा रॅस, हॅलिकोरस मेलान्युरस आणि सहा रेषांचा रॅस हे लहान न्यूडिब्रँक टिपतात. ते प्रवाळाच्या पत्र्याखाली पोहोचू शकत नाहीत आणि अंडीही खात बसत नाहीत, म्हणून त्यांच्यावर विसंबून डिप टाळू नये. हॅलिकोरस वाळूत झोपतात, तेव्हा किमान पाच सेंटिमीटर बारीक वाळूचा थर हवा आणि ते उड्या मारतात म्हणून टाकीला जाळी हवी. टाकीत बर्घिया मुद्दाम सोडायच्या असतील तर हे मासे आणि पेपरमिंट कोळंबी दोन्ही अडचणीचे ठरतात.

पकडलेले जीव डबीत बंद करून फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि मग कचऱ्यात टाकावेत. ते गटारात, खाडीत किंवा समुद्रात सोडू नयेत, कारण हे जीव दुसऱ्याच महासागरातले असू शकतात. याची उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. मुंबई किंवा कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी डबक्यांत सुंदर न्यूडिब्रँक दिसतात. त्या पाहाव्यात, फोटो काढावेत आणि तिथेच ठेवाव्यात. भारतातील वाचकांनी हेही जाणून असावे, की सर्व कडक प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये येतात. त्यामुळे या लेखातील मॉन्टीपोराविषयीचा भाग प्रामुख्याने कायदेशीर व्यापार असलेल्या देशांत राहणाऱ्या मराठी छंदिष्टांच्या उपयोगाचा आहे.

सहावी पायरी: परत ठेवणे

मुदत संपल्यावर सगळे प्रवाळ एकदम परत नेऊ नये. आधी एकच लहान तुकडा मुख्य टाकीत, सहज बाहेर काढता येईल अशा जागी, रॅकवर ठेवावा. दर दोन-तीन दिवसांनी रात्री तो उचलून भिंगाने बुड तपासावे: कडेला नवी पांढरी रेघ, अंड्यांचा पुंजका किंवा न उघडणारा पॉलिप यांपैकी काहीही दिसले तर तो तुकडा पुन्हा डिपमध्ये जाईल आणि मुख्य टाकीची मुदत नव्याने मोजावी लागेल. दोन आठवडे काहीच आढळले नाही तर उरलेले तुकडे दोन-तीन टप्प्यांत न्यावेत, आणि क्वारंटाइन टाकी मोडू नये, कारण पुढच्या खेपेचा फ्रॅग (प्रवाळाचा कापलेला तुकडा) कितीही विश्वासू मित्राकडून आला तरी त्याला आधी चार ते सहा आठवडे तिथेच राहायचे आहे.